नववी ते बारावी : चार वर्षांचा आराखडा आठवीतच मांडा

अमेरिकेत मूल आठवीत असलं की साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हायस्कूलच्या पहिल्या वर्षाचे विषय निवडण्याची वेळ येते. शाळेकडून विषयांची जाडजूड पुस्तिका येते, शिक्षकांच्या शिफारशी येतात, एक फॉर्म येतो आणि तो भरायला थोडेच दिवस हातात असतात. तुम्ही एडिसनमध्ये असा, फ्रिमाँटमध्ये असा की फ्रिस्कोमध्ये, मराठी घरांत या दिवसांत फोनाफोनी सुरू होते. तुमच्याकडे गणित कोणतं घेतलं? ऑनर्स झेपेल का? स्पॅनिश घ्यावं की फ्रेंच?

महाराष्ट्रात शिकलेल्या आईवडिलांचा यात गोंधळ होणं स्वाभाविक आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळ्यांना जवळजवळ तेच विषय, मग कला, वाणिज्य की विज्ञान असा एक मोठा निर्णय, आणि शेवटी बोर्डाची परीक्षा. नववीत कमी मार्क पडले तरी दहावीत भरून काढता येत होते. बोर्डाच्या निकालपत्रावर नववीचा मागमूसही नसे. इथे मात्र नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासून प्रत्येक विषय आणि त्याची ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर चढते आणि तीच ट्रान्स्क्रिप्ट चार वर्षांनी कॉलेजांकडे जाते. एका परीक्षेने सगळं ठरत नाही, हा मुलांना मोठाच दिलासा आहे. पण त्यामुळेच नियोजन ऐनवेळी करून चालत नाही. दरवर्षीचा फॉर्म सुटा सुटा भरण्याऐवजी चारही वर्षांचा आराखडा आठवीतच कागदावर मांडावा, मुलाने स्वतःच्या हाताने मांडावा आणि दर हिवाळ्यात तो पुन्हा तपासावा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. तो कसा मांडायचा ते पुढे पाहू.

नियम कोण ठरवतं?

हायस्कूल डिप्लोमासाठी काय लागतं हे वॉशिंग्टनचं केंद्र सरकार ठरवत नाही. किमान अटी राज्य ठरवतं, त्यात भर घालण्याचा अधिकार स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टला असतो, आणि कोणते विषय प्रत्यक्षात शिकवले जातात हे शाळेवर अवलंबून असतं. म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राचा अनुभवसुद्धा तुमच्या मुलाला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही.

आकड्यांनीही घोळ होतो. न्यू जर्सीत वर्षभराच्या विषयाला सहसा ५ क्रेडिट मिळतात, टेक्ससमध्ये १, तर कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच डिस्ट्रिक्टांत १०. त्यामुळे एकजण १२० क्रेडिट म्हणतो, दुसरा २६ आणि तिसरा २२०, तरी तिघंही जवळपास तेवढाच अभ्यास सांगत असतात. या हिशेबाचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कार्नेगी युनिटमध्ये आहे: एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास वर्गात झाले की एक युनिट. इतर राज्यांतल्या नातेवाइकांशी बोलताना क्रेडिटांऐवजी ‘किती वर्षं’ हे माप वापरा. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन वर्षं असं बोललं की तुलना सोपी होते.

तीन राज्यांचं उदाहरण

मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात अशा तीन राज्यांच्या किमान अटी पाहिल्या की एकूण घडण लक्षात येते.

न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट लागतात. त्यात इंग्रजीची २०, गणिताची १५, विज्ञानाची १५ आणि समाजशास्त्रांची १५ असतात. समाजशास्त्रांत अमेरिकेच्या इतिहासाची १० आणि जगाच्या इतिहासाची ५ येतात. शिवाय कलेची ५, व्यवसाय-कौशल्यांची ५, आर्थिक साक्षरतेची २.५, परकीय भाषेची ५ आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाची दरवर्षी ३.७५. ही बेरीज ९७.५ होते, उरलेली २२.५ क्रेडिट मुलाच्या आवडीच्या विषयांची. याखेरीज अकरावीत इंग्रजी आणि गणिताची एनजेजीपीए ही राज्याची चाचणी असते. ती उत्तीर्ण न झालेल्यांना एसएटीसारख्या परीक्षेतले ठरावीक गुण किंवा निवडक कामाचा पोर्टफोलिओ असे पर्याय आहेत.

टेक्ससमध्ये पायाभूत कार्यक्रम २२ क्रेडिटांचा आहे: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान ३, समाजशास्त्रं ३, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १, शारीरिक शिक्षण १ आणि ऐच्छिक ५. त्यावर एन्डॉर्समेंट म्हणजे विशेष शाखा घेतली की गणित १, विज्ञान १ आणि ऐच्छिक २ यांची भर पडून २६ होतात. शाखा पाच आहेत: स्टेम, व्यापार व उद्योग, लोकसेवा, कला व मानव्यविद्या, आणि बहुशाखीय. नववीत जातानाच यांपैकी एक लेखी निवडावी लागते. पुढे ती बदलता येते. शिवाय अल्जिब्रा १, इंग्रजी १, इंग्रजी २, बायोलॉजी आणि अमेरिकेचा इतिहास या पाच विषयांची स्टार ही राज्य-परीक्षा द्यावी लागते.

टेक्ससमधल्या पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शाळेत वरच्या १० टक्क्यांत आलेल्यांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश देणारा कायदा १९९७ पासून आहे. मात्र त्यासाठी ‘डिस्टिंग्विश्ड लेव्हल ऑफ अचीव्हमेंट’ लागते, म्हणजे चार वर्षं गणित, त्यात अल्जिब्रा २, चार वर्षं विज्ञान आणि एक एन्डॉर्समेंट. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात ही मर्यादा आणखी कडक आहे; २०२६ च्या प्रवेशापासून ती वरच्या ५ टक्क्यांवर आली आहे. शाळेत क्रमांक उत्तम असूनही अल्जिब्रा २ राहून गेलं तर या हक्कावर पाणी सोडावं लागतं.

कॅलिफोर्नियाचा राज्य-किमान सर्वांत हलका दिसतो: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, समाजशास्त्रं ३, शारीरिक शिक्षण २, आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय-शिक्षण यांपैकी एक वर्ष. २०३१ साली उत्तीर्ण होणाऱ्या वर्गापासून वैयक्तिक अर्थनियोजनाचा एक सेमिस्टरचा विषयही सक्तीचा होणार आहे. बहुतेक डिस्ट्रिक्ट या किमानात स्वतःची भर घालतात, म्हणून राज्याची यादी वाचून थांबू नका.

काही अटी विषयांच्या यादीत दिसतच नाहीत. काही डिस्ट्रिक्टांत समाजसेवेचे तास भरावे लागतात. कॅलिफोर्निया आणि टेक्सस या राज्यांत बारावीच्या मुलांना आर्थिक मदतीचा अर्ज भरावा लागतो किंवा तो भरायचा नसल्याचं लिहून द्यावं लागतं. अशा अटी वेगळ्या रंगाच्या पेनाने नोंदवून ठेवा.

नियम बदलतातही. मॅसॅच्युसेट्समध्ये एमकॅस परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय डिप्लोमा मिळत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ती अट काढून टाकली. मोठ्या भावंडाला लागू असलेला नियम धाकट्याला लागू असेलच असं नाही. ज्या वर्षी मूल नववीत जातं किंवा ज्या वर्षी उत्तीर्ण होणार असतं, त्या वर्षाच्या वर्गासाठी असलेली यादीच पाहा.

डिप्लोमा आणि कॉलेज : दोन वेगळ्या याद्या

आराखड्यात सर्वाधिक नुकसान एका गैरसमजामुळे होतं: डिप्लोमाच्या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे कॉलेजच्या अटीही पुऱ्या झाल्या. तसं नसतं.

कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी ‘ए-जी’ नावाची १५ वर्षभराच्या विषयांची यादी आहे: इतिहास २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि एक ऐच्छिक. गणिताची चार आणि विज्ञान व भाषेची तीन-तीन वर्षं विद्यापीठ सुचवतं. या १५ पैकी ११ विषय बारावी सुरू होण्याआधी झालेले असावे लागतात. आता हे राज्याच्या किमानाशी ताडून पाहा. डिप्लोमाला गणिताची दोन वर्षं पुरतात, विद्यापीठाला तीन लागतात. डिप्लोमाला दुसरी भाषा न घेतली तरी चालते, विद्यापीठाला दोन वर्षं हवीत. डिप्लोमाला डी ग्रेड सहसा चालते. ए-जी मध्ये सी किंवा त्याहून वरची ग्रेडच धरली जाते. म्हणजे एखाद्या विषयात डी मिळवून मूल शाळेच्या दृष्टीने पास असतं आणि विद्यापीठाच्या दृष्टीने तो विषय झालेलाच नसतो. अशी ग्रेड आली की लगेच येणाऱ्या उन्हाळ्यात तो विषय पुन्हा करण्याची सोय पाहा. बारावीपर्यंत थांबू नका.

याच विद्यापीठाच्या जीपीएत दहावी आणि अकरावीच्या ग्रेड धरतात. राज्यातल्या मुलांसाठी किमान ३.० आणि बाहेरच्यांसाठी ३.४ हवा. एसएटी आणि एसीटीचे गुण ते प्रवेशासाठी पाहतच नाही. मग वर्गातली निवड आणि वर्गातल्या ग्रेड यांचं वजन किती वाढतं ते उघड आहे.

यावर उपाय सोपा आहे. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात डिस्ट्रिक्टच्या डिप्लोमाच्या अटी, दुसऱ्यात तुमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी आणि तिसऱ्यात मुलाला मनापासून शिकायचे विषय. पहिल्या दोन रकान्यांतला अधिक कडक नियम तुमचा किमान समजा. तिसरा रकाना मोकळा राहू देऊ नका. चित्रकला, ऑर्केस्ट्रा, सुतारकाम, पत्रकारिता, रोबोटिक्स यांपैकी काय आवडतं ते मुलालाच लिहू द्या. ऐच्छिक क्रेडिट त्यासाठीच ठेवलेली असतात.

मूल खेळात चमकत असेल आणि कॉलेजात पहिल्या विभागात खेळायची उमेद असेल, तर चौथा रकाना लागेल. कॉलेजांमधल्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या विभागासाठी १६ मान्यताप्राप्त मुख्य विषय लागतात, त्यांतले १० सातवं सेमिस्टर सुरू होण्याआधी व्हावे लागतात आणि या दहांतले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. शाळेचा प्रत्येक विषय त्यांच्या मान्य यादीत असतोच असं नाही.

गणिताचा क्रम उलट्या दिशेने मोजा

सगळ्या विषयांत गणिताचं नियोजन आधी करा, कारण त्यात एक पायरी सोडून पुढची गाठता येत नाही. बहुतेक शाळांत अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस असा क्रम असतो. बारावीत मूल कुठे असायला हवं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय मनात असतील तर बारावीत कॅल्क्युलस असलेलं बरं. त्यासाठी अल्जिब्रा १ आठवीत व्हायला हवं. नववीत अल्जिब्रा १ घेतलं तर सरळ क्रमाने बारावीत प्रीकॅल्क्युलस येतं. त्यात बिघडत काही नाही. पण कॅल्क्युलस हवंच असेल तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकाच वर्षी घेणं, किंवा उन्हाळ्यात एक विषय पुरा करणं, असे मार्ग बऱ्याच शाळांत खुले असतात. मानसशास्त्र, आरोग्यसेवा, कायदा, पत्रकारिता यांकडे ओढा असेल तर स्टॅटिस्टिक्स तितकंच कामाचं असतं.

आठवीत घेतलेल्या अल्जिब्राचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा. टेक्ससमध्ये हायस्कूलचा विषय मिडल स्कूलमध्ये केला तर त्याचं हायस्कूलचं क्रेडिट मिळतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सातवी-आठवीतलं गणित आणि भाषा विषयाच्या अटीत धरते, जीपीएत धरत नाही. आपल्या शाळेत ती ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर चढते का, हे फॉर्म भरण्याआधी विचारा.

मराठी घरांत गणितात पुढे धावण्याची हौस असते. पण पुढचा वर्ग घेण्याआधी मागचा पक्का झाला आहे का ते पाहा. बीजगणित कच्चं राहिलं की कॅल्क्युलसमध्ये अडचण कॅल्क्युलसची येत नाही, अपूर्णांक आणि घातांकांची येते. एक वर्ष हळू गेलेल्या मुलाचं नुकसान होत नाही. पाया सुटलेल्या मुलाचं होतं.

एपी किती घ्यावेत?

एपी म्हणजे हायस्कूलमध्ये शिकवलेला कॉलेजच्या पातळीचा विषय. वर्गातली ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर जाते आणि मे महिन्यात होणाऱ्या परीक्षेला १ ते ५ असे गुण मिळतात. बरीच सरकारी विद्यापीठं ३ किंवा त्याहून अधिक गुणांना कॉलेजचं क्रेडिट देतात. नामांकित खासगी विद्यापीठं सहसा अधिक गुण मागतात किंवा क्रेडिटच देत नाहीत. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते. मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

बऱ्याच शाळा साध्या वर्गातल्या ए ला ४ आणि एपीतल्या ए ला ५ गुण धरून वेटेड जीपीए काढतात. ही पद्धत डिस्ट्रिक्टागणिक बदलते आणि अनेक कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा मोजतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांनाच देते. म्हणून केवळ आकडा फुगवण्यासाठी एपी घेणं शहाणपणाचं नाही. शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं मुलाने काय निवडलं, हे कॉलेजं पाहतात. ज्या शाळेत पाचच एपी आहेत तिथल्या मुलाकडून दहांची अपेक्षा नसते.

संख्या ठरवताना दिवसाचे तास मोजा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप सुचवते. झोप ९ तास, शाळा ७, जाणं-येणं १, खेळ किंवा वाद्य २ आणि खाणं-पिणं, अंघोळ २ असं धरलं तर २४ तासांतले ३ उरतात. सगळ्या विषयांचा गृहपाठ, घरातली कामं आणि थोडं रिकामं बसणं एवढ्यात बसवायचं आहे. ज्या आराखड्यात मुलाची झोपच मावत नाही, तो कितीही चमकदार दिसला तरी चुकीचा आहे. नववीत एकही एपी नाही, दहावीत एक, अकरावी-बारावीत आवडीच्या विषयांत दोन-तीन, अशी सुरुवात पुष्कळ मुलांना पेलते. ज्याला अधिक पेलतं त्याने अधिक घ्यावेत. ज्याला पेलत नाहीत त्याने अपराधी वाटून घेऊ नये.

दुसरा मार्ग ड्युअल एन्रोलमेंटचा. हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात विषय घ्यायचा आणि दोन्हीकडे क्रेडिट मिळवायचं. इथे एक सावधगिरी हवी: ती ग्रेड कॉलेजच्या अधिकृत नोंदीत कायम राहते. पुढे मेडिकल किंवा लॉ स्कूलला अर्ज करताना सोळाव्या वर्षी मिळालेली ती ग्रेडही दाखवावी लागते. तयारी नसेल तर थांबावं.

दुसरी भाषा आणि आपली मराठी

काही राज्यांत डिप्लोमाला भाषेचं एक वर्ष पुरत असलं तरी कॉलेजसाठी किमान दोन आणि शक्यतो तीन वर्षं एकच भाषा शिकावी. एक वर्ष स्पॅनिश आणि एक वर्ष फ्रेंच अशी वाटणी ए-जी सारख्या अटींत चालत नाही.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी इथे खरी संधी आहे. न्यू जर्सीच्या नियमात भाषेची ५ क्रेडिट वर्गात बसून मिळवता येतात, तशीच त्या भाषेतलं प्रावीण्य दाखवूनही अट पुरी करता येते. टेक्ससमध्ये परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याची सोय आहे. याशिवाय सील ऑफ बायलिटरसी हा सन्मान आहे. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्याने तो सुरू केला आणि तिथून तो देशभर पसरला. इंग्रजी आणि आणखी एका भाषेत लिहिणं, वाचणं, बोलणं आणि ऐकून समजणं यांत पक्की पातळी दाखवली की ट्रान्स्क्रिप्टवर किंवा डिप्लोमावर त्याची नोंद होते.

पण यासाठी घरात मराठी बोलणं पुरत नाही; देवनागरीत लिहिता-वाचता यावं लागतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा अनेक शहरांत रविवारी भरतात. पाचवी-सहावीत कंटाळून शाळा सोडणाऱ्या मुलांना आणखी दोन वर्षं टिकवून धरण्याचं हे ठोस कारण आहे. तुमचा डिस्ट्रिक्ट मराठीसाठी कोणती चाचणी मानतो, त्यातून क्रेडिट मिळतं की फक्त सन्मान, आणि अर्ज कधी करायचा, हे तीन प्रश्न नववीतच विचारा. अनेक मराठी पालकांनी मिळून विचारलं तर डिस्ट्रिक्ट अधिक लक्ष देतो.

भारतातून मधेच आलेली आणि राज्य बदलणारी मुलं

नोकरीमुळे नववी-दहावीच्या मुलाला घेऊन पुण्याहून किंवा नाशिकहून इथे येणाऱ्या कुटुंबांनी सर्व इयत्तांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाच्या नोंदी तर आणाव्यातच. सोबत अभ्यासक्रमाची माहितीही आणावी. महाराष्ट्र बोर्डात नववी-दहावीला बीजगणित हा गणिताचा भाग १ आणि भूमिती हा भाग २ असतो. हे नीट दाखवलं तर अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री झाल्याचं काउन्सेलरला पटवणं सोपं जातं. विज्ञानाचं तसं नाही. आपल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ व २ मध्ये भौतिक, रसायन आणि जीव तिन्ही मिसळलेली असतात, तर इथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स ही वर्षभराची वेगळी क्रेडिट असतात. पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांचं इंग्रजी भाषांतर हाताशी असलं तर बोलणी नेमकी होतात. अमेरिकेचा इतिहास आणि शारीरिक शिक्षण बहुधा नव्याने करावंच लागतं. त्याची जागा आधीच राखून ठेवा.

शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. मराठी लिहिलंत की मुलाच्या इंग्रजीची चाचणी होऊ शकते. खरं तेच लिहा आणि मुलाला चाचणीची कल्पना द्या. त्यात कमीपणा नाही, आणि मदतीची गरज असेल तर ती मिळते.

एका राज्यातून दुसऱ्यात जाताना शक्यतो उन्हाळ्यात जा. निघण्यापूर्वी ट्रान्स्क्रिप्टची अधिकृत प्रत आणि प्रत्येक विषयाचं पुस्तिकेतलं वर्णन घ्या. नव्या राज्यात कोणती राज्य-परीक्षा लागेल आणि जुन्या शाळेतल्या ऑनर्सचं वजन वर्गातल्या क्रमांकात कसं धरतील, हे लेखी विचारा. टेक्ससमध्ये क्रमांकाला मोठं महत्त्व असल्याने तिथे जाणाऱ्यांनी हे अवश्य करावं.

पुढचं शिक्षण भारतात घ्यायचं असेल तर तेही नववीतच मनात हवं. नीट देऊन वैद्यकीय शाखेला जायचं तर अकरावी-बारावीच्या पातळीवर फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी तिन्ही लागतात. नववीत एकदा बायोलॉजी करून सोडून देण्याचा इथला प्रघात त्यासाठी पुरेसा नाही. परदेशी डिप्लोमाला भारतात समकक्षता मिळवावी लागते. तिच्या चालू अटी अकरावीचे विषय निवडण्याआधी वाचा.

आराखडा प्रत्यक्षात कसा लिहावा

एका कागदावर चार उभे रकाने करा: नववी, दहावी, अकरावी, बारावी. शाळेत दिवसाला जितके तास असतील तितक्या आडव्या ओळी आखा, सहसा सहा ते आठ. आधी इंग्रजीच्या चारही चौकटी भरा. मग गणित मागून पुढे. मग विज्ञान आणि इतिहास, मग भाषा सलग दोन-तीन वर्षं. त्यानंतर शारीरिक शिक्षण, कला आणि अर्धवर्षाचे सक्तीचे विषय बसवा. उरलेल्या चौकटी मुलाच्या. हे काम पेन्सिलीने करा, कारण ते बदलणारच आहे.

आठवीच्या हिवाळ्यात पहिला मसुदा करा. नववीत अभ्यासाच्या सवयी आणि पहिल्या ग्रेडकडे लक्ष द्या. दहावीच्या हिवाळ्यात अकरावीचं वजन ठरवा. कॉलेजांसमोर अर्जाच्या वेळी असलेलं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. अकरावीच्या वसंतात काउन्सेलरसोबत बसून ‘डिप्लोमासाठी आता काय उरलं’ याचा लेखी हिशेब घ्या. एखादा अर्धवर्षाचा आरोग्याचा किंवा आर्थिक साक्षरतेचा विषय राहून गेल्याचं याच वेळी कळलं तर दुरुस्ती सहज होते. बारावीत हलके विषय घेऊन विसावण्याचा मोह टाळा. कॉलेजचा प्रवेश अंतिम ट्रान्स्क्रिप्टच्या अटीवर असतो, आणि ग्रेड फार घसरल्या तर तो काढूनही घेतला जाऊ शकतो.

विषय झेपत नसेल तर तो सोडण्याची किंवा साध्या वर्गात जाण्याची मुदत पाहून ठेवा. मुदतीत बदल केला तर सहसा ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही. उशिरा सोडला तर राहू शकते. सप्टेंबरमध्येच मूल दर रविवारी रात्री रडकुंडीला येत असेल तर ऑक्टोबरची वाट पाहू नका.

काउन्सेलरशी बोलताना

काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थ्यांची आहे. बऱ्याच शाळांत त्याहून जास्त असतात. त्यांचा वेळ थोडा असतो, म्हणून आधी वेळ मागून घ्या, भरलेला आराखडा सोबत न्या आणि प्रश्न लिहून न्या. भेटीनंतर ठरलेल्या गोष्टी दोन-चार ओळींच्या ईमेलने कळवा, म्हणजे दोन्हीकडे नोंद राहते. शिक्षकाने ऑनर्ससाठी शिफारस केली नसेल तर काही शाळांत पालक लेखी विनंती करून मुलाला तिथे घालू शकतात. तो हक्क वापरण्याआधी शिक्षकांना कारण विचारा आणि मुलालाही विचारा. मुलाला शिकण्यातली विशेष अडचण असेल तर आयईपी किंवा ५०४ योजनेखाली मिळणाऱ्या सवलती याच बैठकीत आराखड्यात धरा. त्या मागण्यात संकोच नको.

या बैठकीत बोलायला मुलाला पुढे करा. आपण मागे बसून ऐकावं, गरज पडली तर भर घालावी. चार वर्षांनी कॉलेजात गेल्यावर विषय त्यालाच निवडायचे आहेत, अडलं तर प्राध्यापकांना त्यालाच विचारायचं आहे. चौदाव्या वर्षी आपल्या शिक्षणाचा हिशेब स्वतः मांडायला शिकलेलं मूल अठराव्या वर्षी निर्णयाला घाबरत नाही. म्हणून यंदाच्या फॉर्मची मुदत संपण्याआधी एखाद्या रविवारी विषयांची पुस्तिका, कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन एकत्र बसा, आणि पेन्सिल मुलाच्या हातात द्या.